तीन वर्षांचं मूल भाजीला हातच लावत नाही, काय करावं?

आधी त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणं थांबवा. घरात जे शिजलंय तेच त्याच्या ताटात. फक्त त्यात त्याला हमखास आवडणारं काहीतरी एक असू द्या, म्हणजे उपाशी उठणार नाही. दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या चवीची धास्ती वाटतेच. नवी भाजी आपलीशी व्हायला ती कधीकधी 10-15 वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या-चौथ्या वेळीच हात टेकतो. एकच चमचा वाढा. चाटून टाकून दिली तरी चालेल.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला पटते: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. "भाजी संपव, मग गोड देते" हे तर नकोच. त्यानं भाजी शिक्षा ठरते आणि गोड बक्षीस. (स्वतः भाजी ताटाच्या कडेला सारणाऱ्या बाबांनाही हे वाचायला द्या.)

जेवणाआधी दीड-दोन तास दूध, ज्यूस, बिस्किटं बंद. बऱ्याचदा खरी गोम तिथेच असते. वजन वाढत नसेल किंवा गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.