कूलरले हात लावला का झिनझिन्या येतात

प्रश्न : आमचा बारा बायांचा बचत गट हाय, दारव्हा तालुक्यात टिनाच्या शेडमंधी मसाला दळतो. दोन एचपीची चक्की, पाकिटाची सीलिंग मशीन अन् लोखंडी कूलर, सगळं एकाच एक्स्टेंशनवर चालते. कूलरले हात लावला का झिनझिन्या येतात. वायरमन भाऊ टेस्टर लावून म्हणे थोडासाच करंट हाय, चप्पल घालून काम करा. पुतण्या मुंबईले कंपनीत हाय, तो म्हणते तिकडं दरवर्षी हरएक मशीन तपासून स्टिकर लावतात. आपल्यालेबी तसं करा लागते का?

उत्तर : ताई, स्टिकरचं मग पाहू, आधी तो कूलर आजच बंद करा, नुसता स्विच नाही तर प्लगच काढा, अन् कोणी नकळत लावू नये म्हणून प्लगले कापड गुंडाळून ठेवा. चप्पल घालून काम करा हे वाचून मला खरंच धस्स झालं. एक हात कूलरले अन् दुसरा चक्कीच्या पत्र्याले लागला की चप्पल काहीच करत नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटले होणारा अडथळा, हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर, अन् जीव जायला त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पुरतो. एमसीबीच्या, म्हणजे जास्त लोड आला का पडणाऱ्या बोर्डातल्या स्विचच्या, भरवशावर राहू नका, १६ अँपिअरच्या एमसीबीले एवढासा करंट समजतच नाही.

झिनझिन्या येतात म्हणजे बहुतेक दोन बिघाड एकाच वेळी आहेत. पंपातून नाहीतर मोटरमधून करंट बॉडीत उतरतोय, अन् तो जमिनीत नेणारी अर्थिंग कुठंतरी तुटली आहे. टेस्टरनं हे कळत नाही. प्लग काढून मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनले अन् दुसरं कूलरच्या रंग खरवडलेल्या जागी लावायला सांगा, ओहमचा आकडा शून्याच्या जवळ यायला हवा, नाहीतर कॉर्डमधली हिरवी अर्थिंगची वायर तुटलेली आहे किंवा कोणी लावलीच नाही. मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे करंट बॉडीत झिरपते का हे मोजायचं मीटर, फेज अन् न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून त्या अन् अर्थ पिन यांच्यामंधी लावायचा, आकडा १ मेगओहमच्या वर पाहिजे. हे मोजताना कूलरचे फॅन अन् पंप दोन्ही स्विच चालू ठेवायचे, बंद ठेवले तर नुसती कॉर्डच तपासली जाते अन् आतला बिघाड तसाच राहतो, ही चूक मी लय ठिकाणी पाहिली.

मशीन चांगली निघाली तरी शेडची अर्थिंग पाहाच. आपली काळी माती, एप्रिल-मेमंधी भेगा पडल्या का अर्थिंगचा खड्डा कोरडा होते अन् अर्थिंग नावापुरती उरते, म्हणजे नेमकं कूलर चालायच्या दिवसांत. खड्ड्यात पाणी टाकत राहा. अन् सॉकेट उघडून पाहायला सांगा, अर्थ अन् न्यूट्रल आतल्या आत जोडून ठेवले असतील तर ते ताबडतोब काढा, कारण न्यूट्रल तुटला की अख्ख्या बॉडीत २३० व्होल्ट येतात.

पुतण्या म्हणतो ती पद्धत ब्रिटनची, तिथं तिला पॅट टेस्टिंग, म्हणजे हलवता येणाऱ्या विजेच्या उपकरणांची तपासणी, म्हणतात, कामाच्या जागच्या विजेचे १९८९ चे नियम आल्यावर ती रुजली. पण दरवर्षी तपासाच असं तिथल्या नियमातही नाही, उपकरण धोक्याचं होऊ देऊ नका एवढंच आहे, म्हणून जे रोज हलते, ओढल्या जाते ते जास्त वेळा तपासतात अन् जे एका जागी असते ते कमी. तुम्हीही स्टिकरच्या मागे लागू नका. दर सोमवारी दळण सुरू करायच्या आधी एकीनं कॉर्ड, प्लग अन् टेप गुंडाळलेले जोड नजरेनं पाहायचे, वहीत तारीख लिहायची, बरेचसे बिघाड डोळ्यालेच दिसतात. मेगर वर्षातून एकदा, उन्हाळ्यासाठी कूलर बाहेर काढायच्या आधी मार्चमंधी. सीलिंग मशीनले इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर तिचा मेगर २५० व्होल्टवरच.

चक्की एक्स्टेंशनवरून आजच काढा, तिला वेगळं १६ अँपिअरचं सॉकेट पाहिजे. अन् मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळला तरी लाइन तोडणारा स्विच, बसवा, यात काटकसर करू नका ताई, महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते, म्हणजे लाइन बंद करते, का पाहा, अन् कूलर लावला की ती पडत असेल तर कोणी म्हणेल काढून टाका, ऐकू नका, कूलरच दुरुस्तीले पाठवा.