फॉर्मवरचं ‘नाही’ कुणी लिहिलं?

आरोग्य विम्याच्या कामात उतरलेल्यांची आणि ग्राहकांचीही पत्रं वाढली आहेत. गोंधळ मात्र तेच ते, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : दहावी पास आहे. एजंट होता येईल का?

होय. प्रशिक्षण घ्या, आयसी-३८ ही विमा एजंटांची परीक्षा द्या.

प्रश्न : मी नवा एजंट आहे. सीनियर म्हणतात, ग्राहकाची शुगर फॉर्मवर लिहू नकोस, पॉलिसी अडकेल. काय करू?

लिहा. सीनियर काहीही म्हणोत.

एका नाकारलेल्या क्लेमचे कागद माझ्याकडे आले होते. फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’, निळ्या शाईत. खाली बाईंची सही, काळ्या शाईत. हॉस्पिटलच्या केसपेपरवर मात्र पहिल्याच ओळीत ‘मधुमेह, ८ वर्षं’. डॉक्टरांनी विचारलं, बाईंनी खरं सांगितलं. एजंटाने विचारलंच नव्हतं.

एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. शुगर लिहिली तर हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल. मग दुसरीकडे विचारा. ‘५ वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही’ हेही अर्धवट ऐकलेलं. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यानंतरही फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम जातो. तुमचं कमिशन तेवढ्यात खर्चूनही झालेलं असतं. आणि ज्या घराचा पहिलाच क्लेम असा बुडतो, त्याच्या आजूबाजूची दहा घरं विम्याचं नाव काढत नाहीत. फॉर्म ग्राहकाला वाचून दाखवा, जुने रिपोर्ट जोडा आणि शंका असेल तिथे कंपनीच्या अंडररायटरला, म्हणजे जोखीम तपासून पॉलिसी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्याला, आधीच विचारा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. आयुष्मान कार्डासाठी गावातला एकजण पैसे मागतोय. उत्पन्नाचा दाखलाही हवा म्हणतो.

एक पैसाही देऊ नका. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. आधारवर मोफत कार्ड निघतं, संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत. दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ मिळत असेल तर आधी चौकशी करा. ऑपरेशन ठरवण्याआधी हॉस्पिटल योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून विचारा.

प्रश्न : क्लेम नाकारून दहा महिने झाले. एजंट म्हणतो, थांबा, बघतो.

दहा महिने! कंपनीकडे आजच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण मुदत वर्षाचीच. तुमची मुदत कुठून मोजायची, हे नकाराचं पत्र घेऊन लोकपाल कार्यालयातच विचारा. याच आठवड्यात.