परसातल्या खुराड्याभोवती माश्या फार झाल्या आहेत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की परसात आठ-दहा कोंबड्या आहेत, खुराडं रोज झाडता, फिनेलचं पाणी मारता, चिकट कागदही टांगलेत, तरी माश्या कमी होत नाहीत आणि आता शेजारीही बोलायला लागलेत. मीही बरीच वर्षं घरामागे कोंबड्या पाळते, म्हणून सरळ मुद्द्याचं सांगते. तुम्ही सगळी ताकद उडणाऱ्या माश्यांवर खर्च करताय. त्या मारून संपणार नाहीत. माशी ओल्या विष्ठेत जन्मते, तेव्हा भांडण ओलीशी आहे.

घरमाशीची मादी एका खेपेला शंभरच्या आसपास अंडी घालते आणि आयुष्यात अशा कित्येक खेपा होतात. गरम हवेत अंड्यातून दिवसभरात अळी निघते. ती काही दिवस विष्ठेत खाते, मग जरा कोरड्या जागी सरकून कोष करते आणि त्यातून माशी बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा सगळा प्रवास उन्हाळ्यात 7 ते 10 दिवसांत उरकतो. म्हणजे खुराड्यातला एखादा ओला कोपरा आठवडाभर कुणी हलवला नाही, तर तिथून माश्यांची एक पूर्ण पिढी उठते. बाकीचं खुराडं कितीही स्वच्छ असलं तरी त्याने फरक पडत नाही.

तेव्हा आधी तो कोपरा शोधा. खुरपं घेऊन पाण्याच्या भांड्याखालची, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखालची आणि भिंतीलगतची गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा, उकरून बघा. वरून भुसा कोरडा, भुरका दिसतो, म्हणून आपण फसतो. बोटभर खाली गेलात की काळपट, चिकट, उग्र वासाचा थर लागतो आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसतात, एका टोकाला निमुळत्या. त्याच जागेच्या कडेला, विटांच्या फटीत किंवा फळीखाली तांबूस-तपकिरी, दोन्ही टोकांना गोल असे टणक कोष सापडतील. कोष सापडले म्हणजे ती जागा बरेच दिवस ओली आहे हे नक्की समजा. ते सगळं खरवडून काढा आणि तिथेच न टाकता दूर न्या. नेऊन काय करायचं ते पुढे सांगते.

कोंबडीच्या ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. अळीला तेवढीच ओल लागते. ओलावा निम्म्याच्या खाली गेला की तिची वाढ नीट होत नाही, आणि विष्ठा खडखडीत वाळली तर अंडी घालायला माशी तिथे फिरकतही नाही. गादी बरी आहे का हे बघायला मूठभर भुसा हातात घेऊन घट्ट दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हळूहळू सुटला तर ठीक. अजिबात चिकटला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडा आहे, तेही कोंबड्यांच्या छातीला चांगलं नाही.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त ओल विष्ठेची नसते, पाण्याच्या भांड्याची असते. उघड्या पसरट भांड्यात कोंबड्या पाय घालतात, ते कलंडतं, चोच झटकताना पाणी उडतं आणि भांड्याभोवती हातभर जागा कायम भिजलेली राहते. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे तिला मान किंचित वर करून प्यावं लागेल. खाली जाळीचा चौथरा करा आणि त्याखाली खडी पसरा. जमलं तर भांडं खुराड्याबाहेर, मोकळ्या जागेत ठेवा. निपलचं पाणी, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, लावलंत तर फारच उत्तम, पण निपल गळत नाही ना हे रोज हात लावून बघा, कारण थेंब थेंब गळणारं निपल उघड्या भांड्यापेक्षा वाईट. आणि हो, फिनेलच्या पाण्याने खुराडं धुणं आजपासून बंद करा. त्याने थराच्या आतल्या अळ्या मरत नाहीत, उलट तुम्ही रोज बादलीभर ओल घालताय आणि त्या वासाचा कोंबड्यांनाही त्रास होतो.

दुसरी जागा दांडीखालची. कोंबड्या रात्रभर एका जागी बसतात, त्यामुळे दिवसभरातल्या विष्ठेचा फार मोठा वाटा तिथेच साचतो. दांडीखाली एक सपाट फळी किंवा पत्रा बसवा, त्यावर मूठभर कोरडा भुसा किंवा राख भुरभुरवा आणि सकाळी खुराडं उघडताना खरवडून झाकणाच्या बादलीत टाका. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा. रोज खरवडलं की अंड्यांना अळी होऊन मोठं व्हायला वेळच मिळत नाही.

जमिनीवरच्या गादीला मात्र रोज झाडायची गरज नाही. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस चांगलं चार-पाच इंच जाड ठेवा आणि दाताळ्याने वरखाली करत राहा. त्यात थोडं धान्य फेकलंत तर कोंबड्याच उकरून गादी हलवतात. ओला झालेला तुकडा त्याच दिवशी काढून तिथे कोरडा भुसा घाला. सगळी गादी एकदम काढून जमीन धुऊन काढण्याच्या मी विरोधात आहे. जुन्या कोरड्या गादीत माशीची अंडी आणि कोवळ्या अळ्या खाणारे बारीक किडे आणि कोळी राहतात, कोषात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्याही तिथे वावरतात. हे माशीचे शत्रू आहेत आणि ते माशीपेक्षा सावकाश वाढतात. सगळं साफ केलंत तर पहिल्यांदा परत येते ती माशीच. गादी बदलायचीच असेल तर थोडी जुनी, कोरडी गादी मागे ठेवा. याच कारणासाठी गादीवर कीटकनाशक फवारू नका. हे मित्रकिडे आधी मरतात, आणि नेहमीच्या फवाऱ्यांना घरमाशी बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. शिवाय कोंबड्या तिथलंच टिपून खातात, आणि ती अंडी शेवटी आपल्याच पोटात जातात.

आता काढलेली विष्ठा कुठे टाकता ते बघा. पुष्कळ लोक खुराडं लखलखीत ठेवतात आणि चार पावलांवर उघडा उकिरडा करतात. मग माश्या खुराड्याऐवजी उकिरड्यात जन्मतात, एवढाच काय तो फरक. ऊन असेल तर विष्ठा बोटभर जाडीपेक्षा कमी थरात पसरून वाळवा, एक-दोन दिवसांत ती निरुपद्रवी होते. खत करायचं असेल तर त्यात भरपूर कोरडा पाला किंवा भुसा मिसळून ढीग करा. चांगला कुजायला लागलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत अळ्या मरतात. पण कडा थंड असतात आणि अळ्या तिकडेच सरकतात. म्हणून ढीग उलथताना बाहेरचा भाग आत घाला आणि वरून ताडपत्री घालून कडा मातीने दाबा. पावसाळ्यात हे दुप्पट काळजीने करावं लागतं.

माश्या कोणत्या आहेत हेही एकदा नीट बघा, त्यावरून मूळ कळतं. करड्या, पाठीवर पट्टे असलेल्या असतील तर विष्ठा किंवा सांडलेलं ओलं खाद्य. हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या असतील तर कुठेतरी फुटलेलं अंडं किंवा मेलेला उंदीर, पक्षी आहे, तो शोधल्याशिवाय थांबू नका. सडलेल्या मांसातल्या अळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या तर बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाची बाधा, होऊ शकतो. मान लुळी पडते, पाय जातात आणि बऱ्याचदा कोंबडी वाचत नाही. काळ्या, लांबट, गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या पण आळशी माश्या खताच्या ढिगावर असतील तर त्यांना हात लावू नका. त्यांच्या चपट्या, जाड अळ्या जिथे दाट असतात तिथे घरमाशी कमी होते.

चमकत्या हिरव्या माश्यांबद्दल अजून एक सांगायला हवं. एखाद्या कोंबडीच्या शेपटीखालची पिसं विष्ठेने लडबडलेली असतील तर या माश्या तिथेच अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कोंबडीचं मांस खातात. उष्ण, दमट दिवसांत प्रत्येक कोंबडी उचलून शेपटीखाली बघत जा. पिसं घाण असतील तर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, गरज पडली तर कातरा. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, यात उद्यावर टाकायला वेळ नसतो. आणि विष्ठा मुळात पातळ का होतेय तेही तपासा. उन्हात जास्त पाणी पिऊन होते, खाद्यात मीठ जास्त असलं तरी होते, पण जंत किंवा कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवींमुळे होणारा आजारही असू शकतो. आजारी कोंबडीवर उपचार झाले की खुराड्यातली ओल आपोआप कमी होते.

कोंबड्या माश्या खातात, मग त्याच का संपवत नाहीत, असं बरेच जण विचारतात. काही खातात, पण त्याने संख्या आटोक्यात येत नाही, आणि एका जातीचा पट्टकृमी घरमाशी खाल्ल्यानेही कोंबडीच्या पोटात जातो. म्हणून त्यावर विसंबू नका.

सापळे वाईट नाहीत, जागा चुकते. आमिषाचा सापळा माश्यांना लांबून ओढतो, म्हणून तो खुराड्यात टांगणं म्हणजे त्यांना आवतण देणं. दहा-बारा मीटर दूर टांगा, शेजाऱ्यांच्या दारापासूनही लांब. चिकट कागद खुराड्याच्या आत नकोतच, कोंबडीची पिसं चिकटली तर तिचे हाल होतात. माश्यांसाठीचे विषारी दाणे कोंबड्यांच्या वावरात अजिबात ठेवू नका. वीज असेल तर आत एक लहान पंखा चालू ठेवा. माशीला वाऱ्यात नीट उडता येत नाही, शिवाय गादीही वाळते.

फरक पडतोय का हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. खुराड्याच्या छताखाली, माश्या बसतात तिथे, वहीच्या पानाएवढा पांढरा पुठ्ठा टांगा. माशी बसली की बारीक काळा-तपकिरी ठिपका सोडते. आठवड्याने ठिपके मोजा, तारीख टाका आणि त्याच जागी नवा पुठ्ठा लावा. पहिल्या आठवड्यात आकडा खाली येणार नाही, कारण आधीचे कोष अजून फुटत असतात आणि मोठी माशी दोन ते चार आठवडे जगते. शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठिपके स्पष्ट कमी व्हायला हवेत.

तसं झालं नाही तर माश्या बाहेरून येतायत असं समजा. त्या किलोमीटरभर सहज उडून येतात. जवळपास गोठा, तुंबलेलं गटार किंवा उघडी कचराकुंडी आहे का ते बघा. तोवर तुमचं पाण्याचं भांडं कसलं आहे आणि काढलेली विष्ठा नेमकी कुठे जाते, एवढं इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.