कृषी सल्ला : योजनेतून जनावर तर आलं, आता पैदाशीकडं बघा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जनावरांच्या पैदाशीच्या सरकारी योजनांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं इथं एकत्र देतो. बहुतेकांची तक्रार एकच आहे: अनुदान मिळालं, जनावर दारात आलं, पण दोन-तीन वर्षांनी कळप होता तेवढाच राहिला, नाहीतर घटला. अर्ज कसा भरायचा हे सांगणारे गावोगाव भेटतात, म्हणून मी त्यात कमी आणि पैदाशीत जास्त शिरतो.

प्रश्न (चोपडा तालुका) : मोबाईलवर पाहिलं की आयर्लंडमध्ये मांसासाठी गायी पाळणाऱ्यांना सरकार दर गायीमागं पैसे देतं. आपल्याकडं असं का नाही? आमच्या गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक नाही. आते काय करानं, साहेब?

भाऊ, आपल्याकडं तशी योजना येणार नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. आपल्या राज्यात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यानं गायीची कत्तल बंद होती. मार्च २०१५ पासून दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळूही त्यात आले. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे गोवंशाची मांसासाठी पैदास हा विषय महाराष्ट्रात बंद आहे आणि म्हातारा बैल विकून नव्या बैलाला हातभार लावायची जुनी सोयही गेली. कायदा बरा की वाईट यावर या सदरात बोलत नाही. हिशेब मात्र त्याला धरूनच मांडावा लागतो.

तुम्ही पाहिलेल्या योजनेची पुढची बाजूही समजून घ्या. आयर्लंडमध्ये २०१५ साली जी योजना आली, तिच्यात पहिल्या दहा गायींना प्रत्येकी ९५ युरो आणि पुढच्या गायींना ८० युरो मिळत. पण ते पैसे गाय पाळल्याचे नव्हते, माहिती दिल्याचे होते. वासरू कोणत्या वळूचं, विताना अडलं का, गाय किती शांत, हे सगळं कळवायचं; ठरावीक जनावरांच्या कानाचा नमुना जनुक तपासणीला द्यायचा; आणि सहा वर्षं योजनेत राहायचं. या माहितीवरून प्रत्येक जनावराला एक ते पाच तारे मिळत आणि ठरलेल्या मुदतीत कळपात चार-पाच ताऱ्यांच्या गायी वाढवाव्या लागत. तिथले शेतकरीही यावर कमी चिडले नाहीत. गोठ्यातली सगळ्यात देखणी, दरवर्षी धडधाकट वासरू देणारी गाय कागदावर दोन ताऱ्यांची निघायची. नवी आकडेवारी आली की तारे बदलायचे आणि महागात घेतलेला वळू वर्षभरात खाली यायचा. तरीही २०२३ पासून तिथं तशीच नवी योजना चालू आहे, कारण नोंद झाली की पैदास सुधारते हे त्यांना पटलं आहे.

आपल्याकडं पैसे जनावर आणायला मिळतात, नोंदीला नाही. सगळी मेख इथंच आहे.

गोऱ्ह्यांचं म्हणाल, तर दोन वाटा आहेत. खिल्लार किंवा चांगल्या गावठी गायीचा गोऱ्हा असेल, तर नीट खाऊ घालून वेळेवर चिमटा मारून (खच्ची करून) घ्या आणि कामाला लावून विका. पाचोऱ्याकडच्या वरखेडीच्या बाजारात चाललेल्या बैलाला आजही किंमत येते. संकरित गोऱ्ह्याला मात्र गिऱ्हाईक मिळणं अवघड. तिथं गोऱ्हा जन्मूच नये ही वाट धरा. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

प्रश्न (पारोळा) : कालवडच होईल म्हणून जास्त पैसे देऊन रेतन केलं. एका गाईला गोऱ्हा झाला, दुसरी दोनदा उलटली, गाभण राहिलीच नाही. फसवणूक झाली का?

गोऱ्हा झाला म्हणजे फसवणूक झाली असं नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रेत, म्हणजे मादी व्हावी म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्याच्या कांडीत, मादी होण्याची खात्री साधारण ९० टक्के असते, शंभर टक्के नाही. शंभरात दहा गोऱ्हे धरूनच चालायचं.

उलटण्याचं कारण वेगळं. या कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूप कमी असतात, म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण थोडं कमीच असतं. ही कांडी अंगानं भरलेल्या निरोगी कालवडीला आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईला वापरा. वार अडकलेली, सोट (माजातला चिकट स्राव) गढूळ टाकणारी, आधीच तीनदा उलटलेली गाय असेल तर आधी तिच्यावर उपचार करा आणि मग साधं रेतन करा. वेळही थोडी पुढं धरावी लागते. माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांत ही कांडी भरलेली बरी. सोट काचेसारखा स्वच्छ आणि लांब तार धरणारा असावा.

रेतन करणारे दादा आले की एवढं बघा. कांडी नायट्रोजनच्या टाकीतून काढल्यावर हातावर चोळून किंवा उन्हात धरून वितळवायची नसते. साधारण ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, पुसायची आणि लगेच भरायची. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात भर दुपारी गोठ्यात रेतन करून घेऊ नका. पहाटे किंवा संध्याकाळी, गाईच्या अंगावर पाणी मारून करा.

रेतन झाल्यावर रिकामी कांडी फेकू देऊ नका, मागून घ्या. तिच्यावर जात, वळूचा क्रमांक आणि तयार झाल्याची नोंद छापलेली असते. तो क्रमांक वहीत उतरवा आणि गाईच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर भारत पशुधन ॲपमध्ये चढवायला सांगा. तीन वर्षांनी या रेतनातून झालेल्या कालवडीला पुन्हा त्याच वळूची कांडी भरली गेली, तर बापलेकीचा संकर होतो आणि अशी चूक वहीशिवाय सापडत नाही. होल्स्टिन-जर्सीचं रक्तही आपल्या उन्हात निम्म्याच्या पुढं नेऊ नका. दुधाचा आकडा वाढतो, पण उन्हाळ्यात गाय धापा टाकते आणि माजावरच येत नाही.

प्रश्न (अक्कलकुवा) : दहा शेळ्या आणि एक बोकड योजनेतून मिळाला. पहिल्या वेताची करडं चांगली होती, आता लहान निघतात आणि जुळीही कमी झाली. जात खराब दिली का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गोवंशाला बंद असलेली मांसाच्या पैदाशीची वाट आपल्याकडं शेळीला मोकळी आहे.

जात थोडीफार कमी पडली असेल, हे मान्य. २०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला ८,००० आणि बोकडाला १०,००० रुपये धरले होते. विम्यासह गटाची किंमत १,०३,५४५ रुपये. इतर स्थानिक जातीच्या गटाला ७८,२३१ रुपये. अनुसूचित जाती-जमातीला त्यावर ७५ टक्के आणि इतरांना ५० टक्के अनुदान. ज्या शेळीनं दोनदा जुळी दिली आणि जिची कास भरलेली आहे, ती शेळी कोणता मालक बाजारात आणतो? आणली तर या भावात देतो का? त्यामुळे गटात आठ-दहापैकी तीन-चारच खरी चांगली येतात. खरेदीच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा आणि दात, कास, पाय बघा. नको असलेली शेळी तिथंच नाकारा. फोटोपुरत्या शेळ्या उभ्या करणारा व्यापारी सोबत आणू नका.

पण करडं लहान होण्याचं मोठं कारण तुमच्या गोठ्यात आहे. शेळी पाच महिन्यांत विते. पाट (न व्यालेली तरुण शेळी) सहा-आठ महिन्यांत माजावर येते आणि गटातला बोकड तिथंच उभा असतो. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून बोकड स्वतःच्याच लेकींना गाभण करतो. वजन घटतं, मर वाढते, जुळी कमी होतात. त्यात भर म्हणून बकरी ईदला सगळ्यात दणकट बोकड आधी विकला जातो. त्याला भाव मिळतो, तुमची चूक नाही. पण मागं उरलेलं किडमिडं पिल्लू कळपाचा बाप होतं आणि दरवर्षी असं झालं की वजन खाली जाणारच.

उपाय बिनखर्चाचा आहे. एकाच तालुक्यात पाच-सहा लाभार्थी असतील, तर दीड वर्षानं बोकडांची अदलाबदल करा. त्याआधी गर्भपाताच्या आजाराची रक्ततपासणी दवाखान्यात करून घ्या, नाहीतर बोकडाबरोबर आजारही फिरेल. चार महिन्यांची झाली की नर करडं वेगळी बांधा. विकायच्या नरांना लहानपणीच चिमटा मारा.

पैदाशीचा बोकड डोळ्यांनी निवडू नका, काट्यानं निवडा. युरियाची रिकामी गोणी धुऊन वाळवा, तिला पायांसाठी चार भोकं पाडा, करडू त्यात पाय खाली सोडून बसवा आणि गोणीचे कान आढ्याला टांगलेल्या ताणकाट्याला अडकवा. करडू दोन मिनिटं ओरडतं, मग गप्प होतं. जन्माच्या दिवशी आणि तीन महिन्यांनी असं दोनदा वजन लिहा. जुळ्यातला असूनही तीन महिन्यांत सगळ्यांत पुढं गेलेला आणि दुधाळ आईचा नर बाजूला काढा. ईदला त्याला कोणी कितीही भाव दिला तरी तो विकायचा नाही. मात्र तो स्वतःच्या कळपात न वापरता अदलाबदलीत द्या. आयर्लंडमध्ये संगणकावर जे चालतं, त्याची ही गोणी-काट्याची आवृत्ती समजा.

प्रश्न (शिरपूर) : राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० लाख अनुदान मिळतं असं एजंट सांगतो. शंभर शेळ्यांचा प्रकल्प करू का?

५० लाख ही ५०० शेळ्या आणि २५ बोकडांची कमाल मर्यादा आहे. १०० अधिक ५ च्या गटाला कमाल १० लाख. अनुदान भांडवली खर्चाच्या निम्मं, तेही दोन हप्त्यांत आणि काम झाल्याचं तपासल्यावर. जागा आणि खेळतं भांडवल त्यात धरत नाहीत. बँकेची मंजुरी, राज्याची शिफारस, केंद्राची मान्यता हे टप्पे असतात, तोवर पैसा तुमचा किंवा बँकेचा. अर्ज पोर्टलवर स्वतः भरता येतो, त्यासाठी टक्केवारी मागणाऱ्याला दारात उभं करू नका.

आणि आज घरात दहा शेळ्याही नसतील, तर शंभरचा प्रकल्प करू नका. वेगवेगळ्या बाजारांतून एकाच आठवड्यात शंभर शेळ्या आणल्या की पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा आजार) गोठ्यात शिरतो आणि शेड मजबूत असलं तरी आत काही उरत नाही. आधी वीस-पंचवीस शेळ्या दोन वेत सांभाळा. नवी शेळी तीन आठवडे वेगळी ठेवा, पीपीआरची लस द्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची. मग बँकेत जा. तुमची वही बघून मॅनेजरही वेगळं बोलेल.

प्रश्न (यावल) : म्हशीचे हल्ये (नर पारडं) जगतच नाहीत. त्यांच्यासाठी काही आहे का?

जगत नाहीत की जगवले जात नाहीत, हे प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं. दूध डेअरीला आणि पारडू खुंट्याला, हे सगळीकडं चालतं. म्हैसवर्ग २०१५ च्या बंदीत नाही. प्रमाणपत्राच्या अटीवर त्याचा व्यवहार कायदेशीर आहे. म्हणजे वाढलेल्या हल्याला किंमत आहे. जन्मल्यावर तासा-दोन तासांत पहिला चीक पाजा आणि दिवसभरात मिळून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका विभागून द्या, वार पडायची वाट बघू नका. दहाव्या दिवसाच्या सुमाराला जंताचं औषध द्या. पारडांतला मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच येतो आणि मातकट, घाण वासाची हगवण लागून पारडू जातं. पुढं सहा महिने डॉक्टरांच्या सल्ल्यानं दर महिन्याला. एवढ्यावर निम्मी मर थांबलेली मी गोठ्यांत पाहिली आहे.

प्रश्न (साक्री) : आम्ही ठेलारी, भटके पशुपालक. आमच्या तापी खिल्लारांत गीरची कांडी भरायचा आग्रह होतो. भरावी का?

नाही, दादा. तापी खिल्लार हा खिल्लारचाच आपल्या सातपुड्याकडचा प्रकार आहे, तुमच्याच लोकांनी राखलेला. गीर घातली तर दूध थोडं वाढेल, पण चाल आणि काटकपणा जाईल. खिल्लारला खिल्लारचीच कांडी मागा. ती नसेल, तर स्वतःचा वळू राखा आणि तीन वर्षांनी दुसऱ्या वाड्यातल्या वळूशी बदला.

प्रश्न (रावेर) : योजनेतली गाय मेली, विमा नाकारला. बिल्ला नव्हता म्हणे.

२०२२ च्या साथीत लम्पी हा जनावरांचा त्वचारोग राज्यात आधी तुमच्याच तालुक्यात, चिनावलला ऑगस्टात दिसला. तेव्हा भरपाईच्या रांगेत नोंद नसलेल्यांची काय दमछाक झाली ते तुम्ही पाहिलं आहे. १ जून २०२४ पासून तर बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीही करता येत नाही. बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात दवाखान्यात कळवून नवा मारून घ्या आणि तो क्रमांक विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. जनावर रात्री मेलं तरी पुरू नका. कानासह बिल्ला दिसेल असे फोटो काढा, कंपनीला लगेच फोन करा, सकाळी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या आणि मगच खड्डा. तुमच्या प्रकरणात जुन्या बिल्ल्याचा क्रमांक खरेदीच्या पावतीवर असेल. ती पावती आणि आरोग्य दाखल्याची प्रत जोडून फेरविचाराचा अर्ज करा आणि अर्जाची एक प्रत पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागातही द्या.