मी हिंदू आहे. वसईतल्या मैत्रिणीने मुलाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला (मुलाला पहिल्यांदा पवित्र भाकर देतात त्या विधीला) बोलावलंय. मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) बसलं तर चालतं का?

हो, खुशाल बसा. फक्त ख्रिस्तप्रसाद घेऊ नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर. रांग लागली की बाकावरच बसून राहा, कोणी वळून बघत नाही. आमच्या धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये) मी रविवारी मिस्सात बायबलमधली वाचनं करते, असे पाहुणे नेहमीच दिसतात. मिस्सा मराठीत असेल तर सगळं समजेल (१९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये चालायची, तेव्हा आमच्याच आज्यांना कळत नसे!). इतरांबरोबर उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही. काही ठिकाणी छातीवर हात आडवे धरून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, पण सगळीकडे नाही. ते मैत्रिणीला आधी विचारा.