थायरॉइडची सोनोग्राफी सांगितली आहे. नेमकं काय करतात? दुखतं का?

माझी दोनदा झाली आहे, वर्षभराच्या अंतराने. दुखत अजिबात नाही. उपाशी जायचं नसतं, आणि पोटाच्या सोनोग्राफीसारखं तांब्याभर पाणी पिऊन ताटकळायचंही नसतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर रोजच्यासारखी घ्या. मंगळसूत्र, चेन घरीच काढून ठेवा आणि बंद गळ्याचा कुर्ता घालू नका. मी घातला होता, जेलने कॉलर चिकट झाली.

उताणं झोपवून खांद्यांखाली उशी देतात, म्हणजे मान मागे कलते. तो अवघडलेपणा, एवढाच काय तो त्रास. स्पॉन्डिलायटिस असेल तर आधीच सांगा. मग गार जेल लावून प्रोब गळ्यावर फिरवतात, मधेच आवंढा गिळायला सांगतात. प्रोब कानाखाली गेला तेव्हा मी दचकले. ते मानेतल्या लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, बघत होते, नेहमीच बघतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. क्ष-किरण नसल्यामुळे गरोदर बाईलाही चालते.

खरी धाकधूक रिपोर्ट हातात आल्यावर. माझ्यात 'नोड्यूल' हा शब्द दिसला आणि रिक्षात बसल्या बसल्या मी मोबाइलवर नको नको ते वाचलं. अशा गाठी खूप जणांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी निघतात. रिपोर्टमध्ये 'टायरॅड्स' शोधा. 1 ते 5 अशी श्रेणी असते, जितकी वरची तितका कॅन्सरचा संशय जास्त. पण नुसत्या आकड्यावर घाबरू नका, गाठीचा आकारही बघतात. सर्वसाधारणपणे श्रेणी 3 ला 2.5 सेंटिमीटर, 4 ला 1.5 आणि 5 ला 1 सेंटिमीटरपासून सुई घालून तपासणी, म्हणजे एफएनएसी, सुचवतात. माझी श्रेणी 4, पण गाठ 11 मिलिमीटरची. म्हणून सुई टळली आणि वर्षाने पुन्हा बोलावलं.

आणखी एक, हार्मोन कमी की जास्त हे सोनोग्राफीत कळत नाही, त्याला रक्ताची टीएसएच तपासणीच लागते. माझी आई अजूनही दोन्हींची गल्लत करते.

पुढच्या वेळी जाताना जुना रिपोर्ट न्यायला विसरू नका. मी विसरले, आणि गाठ वाढली की तेवढीच आहे हे कळायला घरी दुसरी फेरी मारावी लागली. तेवढीच होती.