वाचकांचे प्रश्न : काळ्या लेपाखालची आयसी

गेल्या अंकात नौकांवरील वायरलेस आणि जीपीएस संचांच्या देखभालीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांत 'डुप्लिकेट आयसी' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा आढळले (आयसी म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, बोर्डावर बसवलेली काळी चिप), म्हणून या वेळचा स्तंभ त्या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझ्या नौकेवरील फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारा संच) एका हंगामात तीनदा बंद पडला. प्रत्येक वेळी मेकॅनिकने वीजपुरवठ्याच्या भागातील तीच एक आयसी बदलली. दुकानात संच व्यवस्थित चालतो आणि समुद्रात गेल्यावर वीस-पंचवीस दिवसांत पडदा काळा होतो. आता मेकॅनिक म्हणतो की बाजारातच डुप्लिकेट आयसी येतात. एवढी बारीक वस्तू, जी बनवायला हजारो कोटींचा कारखाना लागतो, ती कोणी नकली कशी बनवेल? — नौकामालक, हर्णै

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नेमक्या याच कारणामुळे नकली आयसी विकणारे बहुतेक लोक आयसी बनवण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. ते जुनी आयसी घेतात आणि तिचे नाव बदलतात. जगभरातून भंगारात निघालेले संगणक, टीव्ही आणि टेलिफोन यंत्रणांचे बोर्ड वर्षानुवर्षे ज्या ठिकाणी जात राहिले, त्यांपैकी चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील ग्वियू हे गाव सर्वांत कुप्रसिद्ध झाले. तेथे बोर्ड उघड्या शेगडीवर धरून सोल्डर, म्हणजे आयसी चिकटवणारा डाख, वितळवायचे, बोर्ड आपटून आयसी मोकळ्या करायच्या, त्या धुऊन वाळवायच्या, असा उद्योग चालत असे. अशा आयसीच्या पाठीवरील जुना क्रमांक घासून काढतात, घासल्याचे ओरखडे दिसू नयेत म्हणून वर काळा लेप देतात, त्यावर नवा क्रमांक व नवी तारीख छापतात, पाय सरळ करून त्यांना पुन्हा कथलाचा मुलामा देतात आणि नव्या मालासारख्या नळ्यांत किंवा रिळांत भरतात. पेटी देवगडची आणि आत आंबा परराज्यातला, हा प्रकार कोकणात कोणाला समजावून सांगायला नको.

मुंबईजवळच्या एका कारखान्यात आवक मालाच्या तपासणीवर असताना अशी एक नळी माझ्या हाताखालून गेली होती. बिल, पावती, निर्मात्याचे प्रमाणपत्र, सारे जागच्या जागी होते. भिंगातून पाहताना एवढेच खटकले की पहिला पाय ओळखण्यासाठी आयसीच्या कोपऱ्यात जो गोल खळगा असतो, तो सर्व आयसींवर सारखा खोल नव्हता. काहींत तो अर्धा भरल्यासारखा दिसत होता. कापसाचा बोळा ॲसिटोन या रंग विरघळवणाऱ्या द्रवात भिजवून पाठीवर चार वेळा फिरवला, तर बोळा काळा झाला आणि लेपाखाली ओरखड्यांच्या तळाशी दुसऱ्याच क्रमांकाचे दोन अंक पुसटसे दिसू लागले. खरी आयसी ॲसिटोनने अशी रंग सोडत नाही. त्या नळीतील बहुतेक आयसी विजेच्या चाचणीत मात्र उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि मला अजूनही त्याचेच नवल वाटते.

आपला संच दुकानात चालतो आणि समुद्रात बंद पडतो, याचे कारण येथेच सापडण्याजोगे आहे. शेगडीवर वेडीवाकडी तापलेली आयसी आतून मरत नाही, पण तिचे काळे प्लास्टिक आणि धातूचे पाय यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारी फट पडते. दुकानाच्या टेबलावर त्या फटीचा काही उपद्रव होत नाही. नौकेवर दमट, खारी हवा तीतून हळूहळू आत शिरते, मिठातील क्लोराइड आतल्या ॲल्युमिनियमच्या जोडांना खाऊ लागते आणि काही आठवड्यांत संपर्क तुटतो. शिवाय तिच्या पाठीवर छापलेली क्षमता तिच्या पोटात नसेल, तर ती रोज मर्यादेपलीकडे तापते ते वेगळेच.

तरीही सगळा दोष आयसीच्या माथी मारण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग, बिघडला असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच व्होल्टेज उसळते आणि अस्सल आयसीही जळते. तीनदा एकच आयसी गेली आहे, तेव्हा चौथी बसवण्याआधी इंजिन जोरात चालवून बॅटरीवर मीटर लावून पाहा. 'माल डुप्लिकेट होता' हे वाक्य मेकॅनिकलाही पुष्कळदा सोयीचे पडते.

प्रश्न : लष्करी विमानांतही नकली सुटे भाग सापडले आहेत, असे आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले. इतक्या कडक तपासण्या असताना हे खरोखर घडले आहे का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : घडले आहे, आणि त्याची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकेने स्वतःच करून ठेवली आहे. तेथील वाणिज्य विभागाने जानेवारी २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहभागी झालेल्या कंपन्यांनी व संस्थांनी नोंदवलेल्या नकली भागांच्या घटना २००५ मध्ये ३,८६८ होत्या, त्या २००८ मध्ये ९,३५६ झाल्या होत्या. त्यानंतर सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने सिनेटर कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन यांच्या पुढाकाराने चौकशी केली. मे २०१२ च्या तिच्या अहवालात २००९ आणि २०१० या दोनच वर्षांतील सुमारे १,८०० संशयित प्रकरणे आणि त्यांत गुंतलेले दहा लाखांहून अधिक सुटे भाग यांचा उल्लेख आहे. सी-१३०जे या मालवाहू विमानातील वैमानिकापुढचे पडदे, हेलिकॉप्टरवरील रात्री पाहण्याची यंत्रणा, थाड या क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्राच्या संगणकातील मेमरी, अशी ती यादी आहे.

त्यांतील पी-८ए पोसायडन या सागरी टेहळणी विमानाचे प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. विमानावर बर्फ साठू लागल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेत २००९ च्या अखेरीस बिघाड झाला. पेटी उघडल्यावर दिसले की एक आयसी तिच्या सॉकेटमधून निघून आत मोकळी खुळखुळत होती. ती वापरलेली, झिजलेली आणि नवी भासवून विकलेली निघाली. तिचा माग काढत गेल्यावर एकामागून एक व्यापारी उलगडत गेले आणि शेवटचे टोक चीनमधील शेनझेन शहरात सापडले. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने विमान बनवणाऱ्या कंपनीला हा दोष जानेवारी २०१० मध्येच कळवला होता. विमान बनवणाऱ्या कंपनीचे अमेरिकी नौदलाला पत्र गेले ते ऑगस्ट २०११ मध्ये, समितीने चौकशी सुरू केल्यानंतर. माझ्या मते खुळखुळणाऱ्या आयसीपेक्षा ही दीड वर्षाची शांतता अधिक गंभीर आहे. त्याच घराण्यातील पी-८आय विमाने आपले नौदल वापरते, पण म्हणून ही हकीकत आपल्या विमानांची आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

तपासण्या असूनही हे का निसटते, याचे उत्तर तपासणीच्या स्वरूपात आहे. ठरलेल्या व्होल्टेजला ठरलेले उत्तर मिळाले की भाग उत्तीर्ण, अशी नेहमीची पद्धत असते. सामान्य वापराची आयसी ० ते ७० अंश सेल्सिअस तापमानासाठी असते आणि लष्करी दर्जाची उणे ५५ ते १२५ अंशांसाठी. पहिलीवर दुसरीचे नाव छापले, तर खोलीच्या तापमानाला दोघींचे उत्तर एकच येईल. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक, आणि त्या फरकावरच हा धंदा चालतो.

अशा मालाची खरेदी किती सोपी आहे, ते अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये दाखवून दिले. त्याने एक बनावट कंपनी उभारली आणि इंटरनेटवरील व्यापाऱ्यांकडून १६ भाग मागवले. त्यांतील एकही अस्सल निघाला नाही. गंमत अशी की चार मागण्यांत दिलेले क्रमांक जगात कोणीही कधी बनवलेले नव्हते, कार्यालयाने ते मनाने रचले होते. त्या क्रमांकांचा मालही छापील नावासह घरपोच आला.

प्रश्न : मी नौदलातून निवृत्त झालो आहे. युद्धनौकेसाठी लागणारा भाग सरळ मूळ कंपनीकडूनच का घेतला जात नाही? मधले व्यापारी हवेतच कशाला? — वेंगुर्ले

उत्तर : कारण मूळ कंपनीने तो भाग बनवणे पुष्कळदा पंधरा वर्षांपूर्वीच थांबवलेले असते. युद्धनौका तीस-चाळीस वर्षे चालवायची असते, तर आयसीचे एखादे वाण चार-पाच वर्षांतही बाजारातून जाते. मोबाइल बनवणाऱ्यांच्या मागणीपुढे लष्कराची मागणी नगण्य असल्याने लष्करासाठी कोणी जुनी भट्टी पेटती ठेवत नाही. रडारचा एक बोर्ड दुरुस्त करायला त्यातील एकच आयसी हवी असते आणि अख्खा बोर्ड नव्याने आखून त्याच्या चाचण्या पुन्हा करायच्या, तर काळ आणि पैसा दोन्ही फार लागतात. मग 'कोणाकडे शिल्लक आहे का' असा शोध सुरू होतो, आणि ज्याच्याकडे हमखास शिल्लक निघते त्याच्यापासून सावध राहायचे असते.

अमेरिकेने ३१ डिसेंबर २०११ रोजी संमत झालेल्या संरक्षण कायद्याच्या कलम ८१८ मध्ये दोन गोष्टी घातल्या: शक्यतो मूळ निर्माता किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी, आणि नकली भाग निघाल्यास तो बदलण्याचा खर्च, काही अपवाद सोडता, कंत्राटदाराने सरकारच्या माथी मारू नये. दुसरी अट अधिक परिणामकारक ठरावी, असे मला वाटते. स्वतःच्या खिशाला चाट बसू लागली की माणूस कागद नीट वाचतो.

आपल्याकडचे उदाहरण इलेक्ट्रॉनिक भागाचे नाही, पण पुरवठ्याच्या साखळीतील दुखणे तेच आहे. धनुष तोफेसाठी 'जर्मनीत बनवलेले' म्हणून दिलेले बेअरिंग प्रत्यक्षात चिनी होते, या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने जुलै २०१७ मध्ये एका पुरवठादाराविरुद्ध आणि जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यातील अज्ञात अधिकाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदवला. बेअरिंगवरची अक्षरे आणि आयसीवरची अक्षरे, दोन्ही शेवटी अक्षरेच.

प्रश्न : घरातील मोबाइलचे चार्जर सारखे बिघडतात. अस्सल कसा ओळखावा? — गृहिणी, अलिबाग

उत्तर : चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि त्यासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक घातल्यावर ज्या कंपनीचे नाव येते, तेच खोक्यावर आहे का, एवढे पाहावे. क्रमांकही उसना छापलेला असू शकतो, म्हणून पक्के बिल घ्यावे.

प्रश्न : माझे टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचे दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर शेकडो बोर्ड दुरुस्तीला आले आणि तेव्हापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तसेच ऑनलाइन माल मागवतो. एक्स-रे यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. माल कसा तपासावा? — चिपळूण

उत्तर : एक्स-रे, आम्लाने प्लास्टिक विरघळवून आतली सिलिकॉनची चकती पाहणे वगैरे प्रयोगशाळांना करू द्या. तुमच्याकडे दहापट मोठे दिसणारे भिंग, ॲसिटोन आणि एक खात्रीची जुनी आयसी असली तरी बरेच साधते. नवी आणि जुनी शेजारी ठेवून पाठीचा व पोटाचा पोत ताडून पाहा. खरी आयसी एकाच साच्यातून निघते, त्यामुळे कडा आणि खळगे सर्वत्र सारखे असतात. पायांच्या आतल्या वळणाशी सोल्डरचा जुना मागमूस दिसतो का, ते पाहा. छापलेला तारीख-क्रमांक कंपनीने ते वाण बंद केल्यानंतरचा असेल, तर पुढे पाहायचीच गरज नाही. ॲसिटोनने रंग सुटला तर माल नकली. सुटला नाही तर मात्र अस्सल ठरत नाही, कारण आताचे लेप ॲसिटोनला दाद देत नाहीत.

नकली भाग बनवणारा नजरेस पडत नाही, म्हणून रोष भलत्यावर निघतो, याचे एक उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. यूएसबीच्या केबलीत असणाऱ्या एफटी२३२ आयसीच्या नकलांना कंटाळून एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीने २०१४ मध्ये असा ड्रायव्हर (संगणकाला आयसीशी बोलता यावे म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) काढला, की तो नकली आयसीचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकी आणि संगणक तिला ओळखेनासा होई. नकली विकणाऱ्याचे काहीच गेले नाही. ज्याने ती अजाणता घेतली होती त्याची केबल मेली. ओरड झाल्यावर कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

खरेदीपुरते म्हणाल, तर महत्त्वाच्या जागी बसणाऱ्या आयसी, म्हणजे इन्व्हर्टरचे मॉस्फेट (मोठा विद्युतप्रवाह चालू-बंद करणारे भाग) आणि वीजपुरवठ्याचे नियंत्रक, अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्याव्यात आणि त्यांची नळी दुसऱ्या मालात मिसळू देऊ नये. पंधरा रुपयांची आयसी पाच रुपयांना मिळाली, तर ती कोणत्या बोर्डावरून निघाली असेल, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. आणि पुराच्या पाण्यात बसलेले जे बोर्ड तुमच्या दुकानाच्या माळ्यावर अजून पडून असतील, ते भंगारवाल्याला तसेच वजनावर देऊ नका. मोठ्या आयसींवर आधी पक्कड चालवा, पाठ फुटेपर्यंत.